बोगद्यापलीकडचा पावसाळा

"ताई, दोन दिवस स्कीइंगला जाऊ या का?" मावसभावाने फोनवर विचारलं, तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "अरे, चिपळूणच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मी बालपणभर फुकट घसरले आहे. आता त्यासाठी पैसे कोण मोजणार?" पण पंधरा वर्षांची लेक शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिथेच विषय संपला. फेब्रुवारीत पाच दिवसांची सुट्टी काढली, मुंबईहून विमान पकडलं आणि घड्याळ साडेतीन तास पुढे केलं.

भाऊ टोकियोच्या पूर्वेला निशीकासाईला राहतो. इथे भारतीय इतके आहेत की पहिल्या संध्याकाळी भावजयीबरोबर खाली उतरले तर तूरडाळ, हिंग आणि दोन मराठी बायका, सगळं एकाच दुकानात भेटलं. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. 2019 मध्ये मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक इथूनच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, हे भावाने असं सांगितलं की जणू प्रचाराला तोच फिरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोकियो स्टेशनवरून शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. उतरायचं स्टेशन गाला युझावा. प्रवास सव्वा ते दीड तासाचा, तिकीट एका बाजूचं साधारण साडेसहा-सात हजार येन. या स्टेशनची गंमत म्हणजे ते फक्त हिवाळ्यात चालू असतं, आणि फलाटावरून वर आलं की समोर स्कीच्या भाड्याचे काउंटरच. टॅक्सी नाही, बस नाही. नवख्या आणि आळशी माणसांसाठी याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते गाडीतलं. टोकियोतून निघालो तेव्हा आकाश निळंशार, ऊन लख्ख. ताकासाकी गेलं तरी शेतं कोरडी, फक्त लांबच्या डोंगरमाथ्यांवर पांढरं. मग एकामागून एक बोगदे सुरू झाले. त्यातला सगळ्यात लांब दाईशिमिझू, बावीस किलोमीटरचा. कानात दडे बसले, खिडकीत फक्त आपलंच तोंड दिसत राहिलं, आणि पाच-सहा मिनिटांनी बाहेर आलो तर जगच बदललेलं. आकाश खाली उतरलेलं, उजेड करडा, घरांच्या छपरांवर माणसाच्या छातीएवढा बर्फ आणि वरून आणखी पडतोच आहे.

लेक "बर्फ! बर्फ!" करत खिडकीला चिकटली. मला मात्र कुंभार्ली घाट आठवला. जुलैत कऱ्हाडहून माहेरी निघालं की कऱ्हाडला नुसती भुरभुर असते. कोयनेच्या अलीकडे काचा धुरकटतात आणि घाट उतरेपर्यंत समोरचं काही दिसेनासं होतं. इथेही तोच हिशेब, फक्त पाण्याऐवजी बर्फ. सैबेरियाकडून येणारा थंड, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, मिकुनीच्या डोंगरांना धडकतो आणि सगळं ओझं निईगाताच्या, म्हणजे युझावाच्या, बाजूला टाकून मोकळा होतो. पलीकडे टोकियोला उरतं ते कोरडं ऊन. म्हणजे मिकुनी त्यांचा सह्याद्री, युझावा त्यांचं चिपळूण आणि टोकियो त्यांचा घाटापलीकडचा देश. हे युझावा गाव काही फार उंचावरही नाही. पुण्याहून कमीच उंची. बर्फ उंचीमुळे पडत नाही, समुद्रामुळे पडतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

भाड्याच्या काउंटरवर बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये विचारतात. माझं साडेचोवीस निघालं. तो बूट म्हणजे पायाला घातलेलं प्लॅस्टर. चार कड्या खटाखट आवळल्या की घोटा हलत नाही, आणि जिना उतरताना माणूस आपोआप रोबोसारखा चालतो. गोंडोल्यातून वर गेलो. तिथे आमचे शिक्षक उभे होते. साठीचे, सुरकुतलेले, उन्हाने रापलेले. इंग्रजी दहा शब्द, जपानी भरपूर. त्यांनी काठीच्या टोकाने बर्फावर दोन तिरक्या रेघा ओढल्या, ハ अशा, आणि म्हणाले, "हा-नो-जी". हे त्यांच्या लिपीतलं 'हा' हे अक्षर. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब. वेग कमी करायचा तर मागच्या बाजू आणखी फाकायच्या. मला ते अक्षर आढं नसलेल्या कौलारू छपरासारखं दिसलं. तेवढंच मनात धरलं आणि निघाले.

छपराने पहिल्या दहा मीटरांतच दगा दिला. उजवी स्की डावीवर चढली आणि मी आडवी. पडणं सोपं, उठणं ही खरी विद्या. दोन्ही स्की उताराला आडव्या लावायच्या, चढाच्या बाजूला हात टेकायचा आणि ढुंगण वर उचलायचं. हे मला चौथ्या पडण्यात जमलं. तोवर पाच वर्षांची जपानी पोरं, काठ्यासुद्धा न घेता, माझ्या दोन्ही बाजूंनी सुळकन खाली जात होती. खालून लेक ओरडत होती, "आई, पाय फाक ना!" नशीब, आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं.

खरी फजिती लिफ्टवर झाली. बसताना नाही, उतरताना. खुर्ची थांबत नाही. ती टेकडीच्या माथ्यावर आली की उभं राहून सरळ घसरत पुढे जायचं. मी उभी राहिले, डावीकडे वळले आणि शेजारच्या भावाला घेऊन खाली बसले. लिफ्ट थांबली. मागच्या सगळ्या खुर्च्या हवेत लोंबकळत. तिथला माणूस धावत आला, मला उचललं, माझ्या पाठीवरचा बर्फ झटकला आणि वर तोच "सुमिमासेन" म्हणत वाकला. चूक माझी, माफी त्याची! मीही वाकायला गेले आणि पुन्हा पडले.

दुपारी तीननंतर केव्हातरी ते जमलं. छप्पर नीट उभं राहिलं, वजन डाव्या पायावर टाकलं की उजवीकडे वळतंय हे शरीराला कळलं, आणि एक अख्खा उतार मी न पडता आले. खाली पोचल्यावर शिक्षकांनी फक्त मान हलवली. एवढी खूण पुरे. जपानला ही विद्या शिकवणारा पहिला माणूस ऑस्ट्रियाचा एक मेजर, तेओडोर फॉन लेर्ख. 1911 च्या जानेवारीत याच निईगाता प्रांतात, ताकादाला, त्याने जपानी सैनिकांना धडे दिले. तेही माझ्यासारखेच पडले असणार असं समजून मी रात्री गुडघ्याला बाम चोळला.

मुक्काम खाली युझावा गावात. संध्याकाळी पाय ओढत फिरायला निघाले आणि रस्त्यातच थांबले. रस्ता लाल! जांभ्यासारखा तांबूस. मधोमध जमिनीत बसवलेल्या बारीक तोट्यांमधून पाण्याचे फवारे उडत होते आणि त्या पाण्यात बर्फ विरघळत होता. भावाने खुलासा केला: हे जमिनीखालचं पाणी. त्यात लोह असतं, म्हणून रस्त्याला गंज चढतो. आणि हे पाणी थंडीतही बर्फापेक्षा बरंच ऊबदार असतं. मी वाकून त्यात बोट घातलं. डिसेंबरात पहाटे विहिरीतून काढलेल्या पहिल्या कळशीचं पाणी जसं कोमट लागतं, अगदी तसं. घरांच्या खिडक्यांना बाहेरून आडव्या फळ्या मारलेल्या, आपण पडवीला झापं लावतो तशा. दारापाशी फावडी ओळीने. एक आजी शांतपणे अंगणातला बर्फ उपसत होती, कंटाळलेली नाही, कौतुकही नाही. पागोळ्यांखालची घागर बदलणारी माझी आजी हुबेहूब अशीच दिसायची. या लोकांना कायमची आगोट पाठ आहे.

एचिगो-युझावा स्टेशनात साके, म्हणजे जपानी दारू, चाखायची सोय आहे. काउंटरवर पैसे द्यायचे, पाच नाणी घ्यायची, भिंतीभर लावलेल्या यंत्रांतून हवी ती चव कपात पाडायची. सोबतीला मीठ. भावाने पाचही संपवली, मी दोन. साके तांदळाची, तांदूळ इथलाच कोशिहिकारी, आणि त्या शेतांना पाणी याच बर्फाचं. तिथून दोन किलो तांदूळ घेतला. भात खाणाऱ्या माणसाला साके विसरता येते, तांदूळ नाही. ओन्सेनचं, म्हणजे गरम पाण्याच्या सामायिक कुंडाचं, म्हणाल तर, हो, गेले. सगळ्या बायका विवस्त्र, कुणी कुणाकडे बघत नाही, तीन मिनिटांत लाज आणि दहा मिनिटांत पायाचे गोळे दोन्ही विरघळतात. (शाकाहारी मंडळींना एक सूचना: नुसत्या भाजीच्या नूडल्सचं पाणीही बहुधा सुक्या माशाचं असतं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरलेला भाताचा गोळा त्यातल्या त्यात बरा. आम्हाला सुक्या माशाचं वावडं नसल्याने आम्ही सुखात होतो.)

दुसऱ्या दिवशीही स्की केली, कमी पडले, आणि रात्री टोकियोत परतलो. बोगद्यापलीकडे आकाशात चांदणं.

टोकियोचं बाकीचं थोडक्यात. शिबुयाचा चौक पाहिला. दादरच्या पुलावर वाढलेल्यांना त्यात नवल नाही, नवल फक्त कुणी धक्का देत नाही याचं. आसाकुसाला सेन्सोजी देवळात शंभर येन टाकून लेकीने भविष्याची चिठ्ठी काढली, ती निघाली अशुभ. अशी चिठ्ठी तिथेच तारेला बांधून सोडून यायची असते. तिने दोन गाठी मारल्या.

भावजय म्हणाली, "ताई, चला, आता आपल्या माणसाकडे जाऊ." सुमिदा नदीच्या काठाने दहाएक मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन. छोटी टेकडी, थोड्या पायऱ्या, गर्दी नाही. इथला देव कांगितेन, म्हणजे चीनमार्गे जपानात पोचलेला आपला गणपती. मूर्ती गुप्त, दर्शन नाही. जिकडेतिकडे कोरलेले असतात दोन मुळे एकमेकांत गुंफलेले आणि पैशाची थैली. नैवेद्यही मुळ्याचाच. मोदकाच्या जागी पांढरा, जाडजूड, हातभर लांब मुळा! हात जोडले, "गणपती बाप्पा" तोंडात आलं, "मोरया" मनातच ठेवलं. नैवेद्य दाखवून झालेले मुळे भक्तांना देतात. आम्हालाही एक मिळाला आणि तो बगलेत धरून मी मेट्रोने निशीकासाईला आले.

त्या रात्री भावजयीने युझावाचा भात लावला, डाळीला फोडणी दिली आणि बाप्पाचा मुळा किसून दह्यात कोशिंबीर केली. बाकी सगळे जमिनीवर मांडी घालून बसले. मला गुडघे दुमडेनात, म्हणून मी पाय लांब करून बसले, टाचा लांब आणि अंगठे जवळ. लेकीने ताटावरून मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हा-नो-जी."