आठवीचा वर्ग आणि सर्किटचा खेळ

आज आठवीला धाराविद्युत शिकवताना फळ्यावर आकृती काढलीच नाही, सरळ प्रोजेक्टरवर फेट (PhET) या वेबसाइटचं सर्किट किट उघडलं, म्हणजे स्क्रीनवरच बॅटरी, वायर, बल्ब जोडून बघायचं सिम्युलेशन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं हे फेट, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे, मराठीतही आहे आणि सिम्युलेशन एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, आमच्याकडं हे लई महत्त्वाचं.

पोरं स्वतः पुढं येऊन जोडत होती. दोन बल्ब एकापुढं एक लावले तर उजेड कमी, इलेक्ट्रॉनपण हळू पळायला लागले, मग तेच समांतर लावले आणि दोन्ही झगझगीत! बॅटरीची टोकं नुसत्या वायरनं जोडली की स्क्रीनवर जाळ दिसतो, ते तर पुन्हा पुन्हा करायला लावलं.

आणि एक पोरगी, घरी तेलुगू बोलतात, वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला, वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती उठून म्हणाली, सर, कारखान्यात एक माग बंद पडला तरी बाकीचे चालतात, म्हणजे तिथं समांतर जोडणी असणार ना? काय सांगू, इतकं भारी वाटलं!

उद्या खरे सेल आणि वायरी घेऊन बसणार, स्क्रीनवरचं हातानं जोडून बघायलाच पाहिजे. कुणाकडं टॉर्चचे जुने बल्ब पडले असतील तर सांगा, येऊन घेऊन जातो.