मामाच्या याशिकाचं शटर परत सुटलं

काल रात्री साडेअकराच्या सुमाराला मामाच्या जुन्या याशिका कॅमेऱ्याचं शटर एक सेकंदावर नीट सुटलं. घर्रर्र... चक्. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी तो आवाज मला लख्ख ऐकू आला, कारण वयाच्या तेराव्या वर्षापासून तो माझ्या कानात बसलाय.

कॅमेरा याशिका मॅट १२४जी. वरून खाली बघायचा, दोन लेन्सचा, १२० ची फिल्म, एका रोलमध्ये १२ फोटो. मामाचा गोव्यात डिचोलीला फोटो स्टुडिओ होता आणि हा कॅमेरा त्याला बोटीवर कामाला असलेल्या एका गिऱ्हाइकाने आणून दिला होता, त्या काळी आपल्याकडे चांगली वस्तू म्हणजे बोटीवाल्यांकडूनच यायची. मामा गेल्यावर मामीने तो माझ्या हातात ठेवला. तेव्हा शटरचे वरचे, म्हणजे जलद स्पीड चालायचे पण स्लो स्पीडला शटरची पाती उघडायची आणि उघडीच राहायची. मी एका दुकानात दिला, तिथे त्यांनी शटरमध्ये तेल सोडलं, वासावरून तर शिलाई मशीनचंच असावं. आठवडाभर चालला आणि मग पूर्णच बसला. मला त्याचा अजून राग येतो, कारण ज्याने हे काम थोडं जरी केलंय त्याला माहीत असतं की पात्यांना तेल लावायचं नसतं. ही पाती कागदासारखी पातळ, एकमेकांवर सरकणारी, ती कोरडीच चालतात. तेलाचा थेंब गेला की एकमेकांना चिकटतात आणि आतली बारीक स्प्रिंग काही त्यांना ओढू शकत नाही.

मग ठरवलं की आता स्वतःच करायचं. हेअर ड्रायरने पुढच्या लेदरेटचा, म्हणजे नकली चामड्याचा, गोंद मऊ केला, ते हळूच उचललं, खाली चार स्क्रू. इथे एक सांगतो, जपानी कॅमेऱ्याच्या फुलीच्या स्क्रूला आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. खाचेचा आकार किंचित वेगळा असतो, आपला त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. माझ्या चारपैकी दोन स्क्रूंची डोकी आधीच कोणीतरी खाल्लेली होती, त्या दोघांनी माझी अख्खी संध्याकाळ घेतली. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, कानकोरण्याएवढा ब्रश, थोडं लावायचं, शटर मारायचं, टिपून घ्यायचं, परत लावायचं. पहिल्या दिवशी टिपकागदावर चहासारखा पिवळा डाग यायचा, चौथ्या दिवशी कागद कोरा निघाला.

पाती सुटली तरी एक सेकंद काही येईना. स्लो स्पीडसाठी आत वेगळी गिअरची साखळी असते, घड्याळात असतो तसा नांगराच्या आकाराचा बारीक तुकडा, त्याला नांगरच म्हणतात, तिच्यातल्या चाकाच्या दात्यांना अडवत अडवत सोडतो आणि तेवढा वेळ पाती उघडी राहतात. ती घर्रर्र म्हणजे तोच नांगर. जुनं ग्रीस तिथे मेणासारखं घट्ट झालेलं. तिथेही तेच, पेट्रोल, ब्रश आणि वाट बघणं. मामाचा एक शब्द होता, सवकास. काम करताना मागे उभा राहून "सवकास रे, सवकास" म्हणायचा, आणि हे चार दिवस मला तोच ऐकू येत होता.

स्लो स्पीडच्या मागे मी इतका का लागलो, तर मामाचं खरं काम जत्रेतलं होतं. पासपोर्ट फोटो पोटासाठी. जत्रेला देवळाच्या मांडावर, म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेत, रात्रभर मराठी नाटक चालायचं, उजेड बेताचा, आणि मामाला नाटकात फ्लॅश मारलेला आवडायचा नाही, तो म्हणायचा नटाचा तोल जातो आणि राजाचा दरबार लग्नाच्या हॉलसारखा दिसतो. म्हणून कॅमेरा तिवईवर, १/१५ नाहीतर १/८ सेकंद, आणि मामा संवाद ऐकत थांबायचा. नट कुठल्या वाक्यानंतर श्वास घेणार, कुठे हात वर करून क्षणभर स्थिर होणार, हे त्याला बरोबर कळायचं, बरीचशी नाटकं तर त्याला पाठच होती. तेवढ्यात घर्र, चक्.

दुसऱ्या दिवशी डार्करूम. न्हाणीघराला लागून अडीच बाय दोन मीटरची खोली, दाराच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली. लोकांना डार्करूम म्हटलं की लाल दिवा आठवतो, पण तो पेपरसाठी, ब्रोमाइड पेपरला लाल उजेड दिसत नाही. फिल्मला सगळंच दिसतं, म्हणून फिल्म टाकीत भरायची ती ठार काळोखात, बोटांनी आणि कानांनी. स्पायरलवर, म्हणजे टाकीतल्या खाचांच्या चकरीवर, फिल्म सरळ चढली तर काहीच आवाज होत नाही, तिरकी गेली तर कर्र करते. आपल्याकडे पावसाळ्यात स्पायरलला नुसता दमटपणा लागला तरी फिल्म अडकते, म्हणून मामा तो आधी बल्बखाली तापवून घ्यायचा.

आणि पाणी! डेव्हलपरचं गणित २० डिग्रीवर मांडलेलं, मे महिन्यात नळाला येणार ३० च्या आसपास. गरम पाण्यात फिल्म भराभर काळी होते आणि वरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नखाचा ओरखडाही उठतो. म्हणून मी सायकल काढून मासळी बाजारात जायचो, बर्फ आणायचो. परातीत बर्फ, बर्फात बाटल्या, बर्फ बाटलीत कधीच नाही. खोलीत हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास, ॲसिटिक ॲसिडचा वास आणि त्यात बांगड्यांचा वास. पेपर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, 'इंदू'. मामाची नखं डेव्हलपरने तपकिरी झालेली असायची, जेवताना भातावर ती उठून दिसायची आणि मामी दर वेळी बघायची. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राचा, बल्ब मंदावायचा, मग १२ सेकंदांचा प्रिंट फिका यायचा, तेव्हा घड्याळ सोडून मामा बल्बकडे बघत मनात मोजायचा आणि प्रिंट बरोबर यायचा, हे मी स्वतः बघितलंय.

लेन्सचं म्हणाल तर पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशीची जाळी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाने बहुतेक निघाली, पण कडेला दोन धागे राहिलेत, ते आता काचेवरच्या कोटिंगमध्ये कोरले गेलेत, जाणार नाहीत. गोव्यात राहून जुनी लेन्स ठेवणाऱ्यांनो, चामड्याची केस तेवढी काढा, तीच ओल धरून ठेवते. हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून परत आत. मामा कपाटात बारका बल्ब लावून ठेवायचा, तेही चालतं.

रोल मागवला होता तो परवा आला. जत्रांना अजून वेळ आहे, म्हणून पहिला फोटो मामीचा काढणार, तिच्या सोप्यावर, पावसाळी उजेडात, पूर्ण एक सेकंद. फोनवर सांगितलं तर म्हणाली, मला नको शिकवू, तुझ्या मामाने कॅमेरा आणल्यापासून पहिला फोटो माझाच काढलाय, मला ठाऊक आहे किती वेळ हलायचं नसतं. मग विचारलं, "बर्फ कुठून आणणार आहेस?"