तुम्ही विचारलंत म्हणून : वेडी बाभूळ काढायची की ठेवायची?

स्लाइड शो संपतो, दिवे लागतात, चहा फिरायला लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून प्रश्न येतो. "मॅडम, ते सगळं ठीक. पण एका वाक्यात सांगा, कच्छच्या बन्नीतली वेडी बाभूळ काढायची की ठेवायची?" मी पाच मिनिटं बोलते आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. परवा एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही बाजू घ्यायला घाबरता." म्हणून आता एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी हा कागद पुढे करीन.

मी घाबरत नाही. बाजू घेऊन झाली आहे माझी. हातात कुऱ्हाड घेऊन घेतली होती.

विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना कुठलंही झाड म्हणजे देव. "वाळवंटात हिरवं काहीतरी उगवतंय, तेही तुम्हाला बघवत नाही?" दुसऱ्यांनी 'परदेशी आक्रमक प्रजाती' हे शब्द नवीनच शिकलेले असतात आणि त्यांना उद्या सकाळी जेसीबी हवा असतो. या दुसऱ्या लोकांवर मी जास्त चिडते. कारण उघड आहे. मी त्यांच्यातलीच होते.

पहिल्या मंडळींना आधी एवढंच सांगते की बन्नी हे वाळवंट नाही. उत्तरेला मोठं रण, दक्षिणेला भुजकडच्या टेकड्या आणि मधे अडीच हजार चौरस किलोमीटरचं सपाट गवत. जिंझवो (आपलं मारवेल), धामण, खारट जमिनीत तग धरणारं लाणं. पाऊस बरा झाला तर छारी ढंढ भरतं. ढंढ म्हणजे उथळ तळं आणि छारी म्हणजे खारी. मग हिवाळ्यात क्रौंच हजारोंनी उतरतात. जवळच्या फुलाय गावाशी पिलूच्या झाडाची लाल-जांभळी फळं खायला हायपोकोलियस येतो. त्या एका पक्ष्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं शेकडो किलोमीटर जातात, फोटो काढतात आणि परत येऊन मला विचारतात, "पण तिकडे तसं बघायला काय आहे?"

असो.

1960-61च्या सुमारास रण पुढे सरकू नये म्हणून वन खात्याने साधारण 31,500 हेक्टरांवर ही बाभूळ लावली. हेतू वाईट नव्हता. मीठ थोपवणारं, पाण्यावाचून जगणारं, गुरं ज्याचा पाला खात नाहीत असं झाड हवं होतं. पाला खात नाहीत, पण शेंगा खातात. शेंगा गोड असतात. बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, वर शेणाचं खत तयारच. पुढचं मी स्लाइडवर दाखवते: झाड बन्नीभर पसरत गेलं. झाडीचा आडोसा रानडुकराला आणि कोल्ह्याला मानवतो. अडचण होते ती उघड्यावर जगणाऱ्यांची: चिंकारा, हिवाळ्यात येणारा हुबारा पक्षी, धाविक पक्षी, आणि सपाट जमिनीत बीळ करून गवतावर जगणारा सरड्यासारखा बिचारा सांडा. (कोल्ह्यांवरून आठवलं. काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे आणि तिथे रोज कोल्ह्यांना भाताचा प्रसाद घालतात. दत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार कुत्री येतात, तिथे कोल्हे. मला हे फार आवडतं. त्याचा इथे काही संबंध नाही.)

आता मूळ गोष्ट.

2001च्या भूकंपानंतर मदतीच्या ट्रकबरोबर मी पहिल्यांदा बन्नीत गेले आणि नंतर दर हिवाळ्यात जात राहिले. ज्यांच्या वांढीवर (म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या वस्तीवर) उतरायचे त्यांना मी चाचा म्हणायची, ते मला बेन म्हणायचे. 2005च्या डिसेंबरात कॉलेजची शेवटच्या वर्षाची सोळा मुलं घेऊन गेले. त्याआधी एका मासिकात या बाभळीवर लेख लिहिला होता, त्यात तिला 'हिरवी राक्षसीण' म्हटलं होतं. आज तो लेख समोर आला की मी पान उलटते. पण तेव्हा मुलांनी तो वाचलेला होता आणि त्यांचे हात शिवशिवत होते. वांढीमागचा दोनेक एकरांचा तुकडा आम्ही निवडला. म्हणजे मी निवडला.

चार दिवस तोडत होतो. ती बाभूळ ज्यांनी तोडलेली नाही त्यांना काय सांगायचं? काटा चपलेच्या तळातून वर येतो आणि जखम आठवडाभर ठणकते. दोन मुलांच्या पायांना बँडेज, एकाच्या कपाळाला खोक. तरी गाणी चालली होती. संध्याकाळी कापलेला तुकडा उघडा पडायचा, लांबवर रणाची पांढरी रेघ दिसायची आणि मला भरून यायचं. लाकडं चाचीच्या अंगणात रचून दिली. तिसऱ्या दिवशी चाचा आले, एका खुंटाशी उभे राहिले, काठीने त्याच्या बुडाशी टकटक केलं आणि म्हणाले, "बेन, जड?"

तीन दिवस माझ्या कानांवर फक्त मराठी पडत होती. मला वाटलं, म्हातारा मुलांच्या काळजीने विचारतोय की काम जड पडतंय का. मी हसून हात हलवला, "नाही, नाही, कसलं जड! मुलं तगडी आहेत." चाचांनी मान डोलावली आणि चहा सांगायला निघून गेले.

ते मुळांबद्दल विचारत होते. हिंदीतलं जड. मुळं कोण काढणार, असं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वरून तोडलेल्या झाडाला खुंटातून धुमारे फुटतात हे मी फळ्यावर आकृती काढून कित्येक बॅचना सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण कुदळीने एक बुंधा मुळाच्या डोक्यासकट काढायला तिघांचा अर्धा दिवस जात होता, आमच्याकडे चार दिवस होते, आणि परत जाऊन 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारीशेजारी लावायचे होते. लावलेही. टाळ्याही मिळाल्या.

2007च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा मी तो तुकडा ओळखलाच नाही. पूर्वी निदान वाकून झाडांखालून जाता यायचं. शेळ्या जायच्या, पोरं जायची. आता प्रत्येक खुंटातून दहा-बारा फोक, खांद्याएवढे, घोट्यापासून काटेरी. भिंत. मी तिच्याभोवती चालत फेरी मारली, आत जाता येईल अशी एकही फट नव्हती. चाचा बरोबर होते. काही बोलले नाहीत. मीही नाही. मग त्यांनी विचारलं, ती मुलं परत येणार का? या वेळी कुदळी आपण देऊ.

मी मुलांना नेलं नाही. परीक्षा, परवानग्या, एका पालकाची तक्रार. सगळी कारणं खरी होती. आणि त्या मुलांना तो तुकडा दाखवायची मला लाज वाटत होती, हेही खरं.

पुढच्या वर्षी चाचांची गाय गेली. कांकरेज, वीणेसारख्या शिंगांची. बाकी दावणीला म्हशीच होत्या, ही एकच गाय उरली होती आणि ती चाचीची लाडकी होती. शेंगा खाऊन पोट तटलं, रवंथ थांबला, तिसऱ्या दिवशी संपली. म्हशीला या शेंगा सोसतात, गाईला जड जातात (हा शब्द आता असा कुठेही भेटतो मला). बन्नीत गाईंच्या जागी म्हशी वाढल्या त्यात या शेंगांचाही हात आहे. म्हशींचं पुढे नाव झालं, 2010मध्ये बन्नी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. गाईंचं मात्र कुणी फारसं बोलत नाही.

ती गाय आमच्याच खुंटांवरच्या शेंगांनी गेली का? शेंगा उंच झाडावरूनही खाली पडतातच. बन्नीभर पडतात. कुठल्या झाडाची शेंग गाईने खाल्ली याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण त्या भिंतीच्या शेंगा तोंडाच्या उंचीवर होत्या आणि वांढीपासून पन्नास पावलांवर होत्या.

2005ची मी अधूनमधून येऊन माझ्याशी भांडते. म्हणते, तू हरलीस म्हणून झाडाची वकिली करतेस. चूक तोडण्यात नव्हती, अर्धवट तोडण्यात होती. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मी तिला कोळशाचं सांगते. 2004 ते 2008 कोळसा पाडायला परवानगी होती तेव्हा चाचांच्या पुतण्याचं घर त्यावर चाललं. ती म्हणते, त्याच भट्ट्यांत देशी बाभळीही गेल्या, त्याचं काय? गेल्या. मी मधाचं सांगते, सरपणाचं सांगते, दुष्काळात म्हशी याच शेंगांवर निघाल्या हे सांगते. ती म्हणते, गवत असतं तर ही वेळ आली असती का? मी म्हणते, नद्यांवर बंधारे झाले, गोडं पाणी खाली येईनासं झालं, जमीन खारावली, नुसतं झाड काढून गवत येईल कशावरून? ती म्हणते, काढून पाहिलंस कुठे?

नाही पाहिलं. दुसऱ्यांनी पाहिलं.

गेल्या जानेवारीत गेले होते. चाचा आता नाहीत. त्यांच्या मुलाने आणि वांढीतल्या इतरांनी मिळून गावाच्या पलीकडे एक मोठा तुकडा जेसीबीने मुळासकट उपटून काढलाय, नांगरलाय, चर खणून राखलाय. गुडघाभर गवत होतं. सूर्य कलला तसे भोवत्या हे शिकारी पक्षी एकेक करून त्यात रात्रीच्या वस्तीला उतरायला लागले. सत्तावीसपर्यंत मोजले, मग अंधारामुळे सोडून दिलं. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं, आणि थोडा मत्सरही वाटला.

परत येताना मुलाने आमच्या जुन्या तुकड्यापाशी जीप थांबवली. "बेन, जेसीबी परवापर्यंत इथेच आहे. तुमचं हे काढू की ठेवू?"

तुम्ही विचारता तेच. फक्त इथे मशीन चालू होणार होतं.

मी तोंड उघडायच्या आत चाचीने अंगणातून ओरडून सांगितलं की कडेची झाडं राहू देत, चूल काय गवतावर पेटवायची? मुलगा म्हणाला, कडेची ठेवली तर बी तिथूनच पुन्हा आत येणार. ती म्हणाली, येऊ दे. तो म्हणाला, गाय विसरलीस का? चाची काही बोलली नाही, लाकडांच्या ढिगावरचं एक फाटं उचलून तिने मोडलं. तेवढ्यात म्हशी सुटल्या. बन्नीत त्या रात्रीच्या चरायला जातात, राखायला कुणी लागत नाही. घंटा वाजवत आमच्या भिंतीला वळसा घालून त्या नव्या गवताकडे निघाल्या, आणि मुलगा शिव्या देत त्यांना वळवायला धावला.