मोरीची लाईन, अपडेट: पांढरा दोन इंची अन् करडा दोन इंची

कूलर बाहेर काढून लावायच्या आत मागच्या मोरीची लाईन करून टाकायची असं ठरवलं होतं, कारण नागपूरचा उन्हाळा लागला की बेसिन, वॉशिंग मशीन अन् कूलरचं पाणी सगळं त्याच एका पाइपावर येते. गली ट्रॅपपासून (बाहेर जमिनीत बसवलेलं सांडपाण्याचं जाळीचं कुंड) भिंतीपर्यंतचं काम झालं. भिंतीतून जुना पाइप बाहेर येते तिथं नवा पाइप त्याला जुळेना म्हणून गाडी अडली होती, ती सुटली म्हणून लिहून राहिलो.

जुना पाइप पांढरा, म्हणजे नळाच्या लाईनीचा युपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा), कोणीतरी उरलेला ड्रेनेजला वापरून टाकला. त्याला बाजारात दोन इंची म्हणतात. अन् ड्रेनेजचा करडा एसडब्ल्यूआर (संडास, सांडपाणी अन् पावसाच्या पाण्याचा पाइप) ६३ एमएमचा, त्यालाही दोन इंचीच म्हणतात! पांढरा बाहेरून ६०.३ भरते, करडा ६३. इतवारीच्या बाजारात जाऊन नुसतं "भाऊ, दोन इंची कपलर (दोन पाइप जोडायचा तुकडा) द्या" म्हटलं की ६३ चा हातात येते अन् पांढऱ्यावर चढवला की गदागदा हलते. ७५ चं तर विचारूच नका, कोणी अडीच म्हणते कोणी तीन, अन् शेतीच्या पाइपात तीन इंची मागा तर ९० काढून देतात. आपण इंच सोडून द्यायचे, बाहेरचा व्यास एमएममध्ये सांगायचा, बस.

व्हर्नियर (व्यास मोजायचं माप) नसला तरी चालते. शिंप्याचा टेप पाइपाभोवती गुंडाळा, आकडा ३.१४ ने भागा. घेर १८.९ सेंटीमीटर भरला तर पांढरा दोन इंची, १९.८ भरला तर ६३, साडेतेवीस म्हणजे ७५, साडेचौतीस म्हणजे ११०. टेप तिरपा जाऊ देऊ नका, पांढरा अन् ६३ यांच्यात फरकच नऊ मिलिमीटरचा आहे.

आता पावणेतीन एमएमच्या त्या फटीचं काय. पाइप चिकटवायचं सोल्युशन भसाभसा ओतून भरते असं सांगणारे खूप भेटतात, पण सोल्युशन म्हणजे पुट्टी नाही ना बे, ते पाइप अन् सॉकेट दोन्हीचा पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, त्यासाठी दोघं घट्ट बसलेच पाहिजेत. दुसरे काही जण पाइप शेगडीवर गरम करून फुगवतात, त्यात भिंत पातळ होते, मला नाही पटत.

मी आट्यांवरून गेलो. पांढऱ्यावर त्याच्याच जातीचा दोन इंची एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) चिकटवला, करड्या बाजूला ६३ चा एफटीए (आतून आटे असलेला), दोन्हीचे आटे दोन इंची बीएसपी (आट्यांचं ब्रिटिश माप), टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळले. आटे तेवढे दुकानातच एकमेकांत फिरवून बघा. एमटीएचं तोंड पाणी जाते त्या दिशेला ठेवलं, म्हणजे आतली कड पाण्याच्या समोर येत नाही अन् केस, कपड्यांचा गाळ तिथं अडकत नाही. उलटं लावलं तर महिनाभरात तिथंच गोळा धरते.

पुढे ६३ चं ७५ केलं, ढाळ मीटरला दोन सेंटीमीटर. ७५ मध्ये टाइप बी घेतला, ३.२ एमएम भिंतीचा. टाइप ए पावसाच्या पाण्याला अन् व्हेंटला (हवा जायच्या पाइपाला) ठीक, त्याची भिंत १.८ चीच, पण बाहेरून दोन्ही ७५ च, त्यामुळे फिटिंग दोघांनाही तेच बसते अन् दुकानदार निवांत पातळवाला देऊन मोकळा होते. पाइपावरचं छापलेलं वाचून घ्या, आयएस १३५९२ (या पाइपांचं भारतीय मानक) अन् टाइप.

उघड्यावरचा तीन मीटरचा तुकडा रिंगफिट (न चिकटवता रबरी रिंगवर बसणारा) ठेवला. सकाळ ते दुपार तीसेक डिग्रीचा फरक पडला की एवढा पाइप पाच-सहा एमएम वाढते, म्हणून पूर्ण आत घालून मग सेंटीमीटरभर मागे ओढला.

बाकी आहे बेसिन. बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) ३२ चा, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसणारा तुकडा) सव्वा इंची अन् त्याचा आटा बाहेरून मोजला तर जवळपास ४२ एमएम, म्हणजे इथंही तोच तमाशा. कूलरचा ड्रेन पाइप बेसिनच्या ट्रॅपआधी जोडू का सरळ नहाणी ट्रॅपवर (मोरीच्या जमिनीतल्या जाळीवर) सोडू, हे अजून ठरलं नाही. कोणी केलं असेल तर फोटो टाका.