सहावे पिल्लू

आम्ही राहतो ते इथाकाजवळचे गाव न्यूयॉर्क राज्यात असले, तरी न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने साडेचार तासांवर आहे, आणि शेते, गोठे व कोंबड्यांची खुराडी हेच येथील नित्याचे दृश्य आहे. जवळच कायुगा हे सुमारे ६१ किलोमीटर लांबीचे, चिंचोळे सरोवर आहे. त्याच्याच नावाची बदकांची एक जात आहे. रंगाने काळीभोर, उन्हात पाचूसारखी हिरवी झाक मारणारी आणि मोसमाच्या आरंभी जवळजवळ काळी अंडी घालणारी ही बदके याच भागात वाढली, आणि १८७४ साली अमेरिकेतील कोंबड्या-बदकांच्या मान्य जातींच्या यादीत त्यांचा समावेश झाला. आज ती फारशी कोणी पाळत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत त्यांच्याविषयी ऐकले, आणि गेल्या एप्रिलमध्ये, अंगणातील बर्फ पुरता वितळलेलाही नसताना, आम्ही जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून कायुगा बदकांची सहा पिल्ले घरी आणली.

सहाच का, हे मला घरच्यांना फोनवर समजावून सांगावे लागले. या राज्याच्या कायद्यानुसार दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्ले सहापेक्षा कमी संख्येने विकता येत नाहीत. सणासुदीला हौसेने एखादे पिल्लू नेऊन आठवड्याभरात त्याची हेळसांड करणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू आहे. आईला मात्र याहून जास्त नवल वाटले ते ही पिल्ले दुकानात टपालाने येतात याचे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावू शकते. त्यामुळे एक दिवसाची पिल्ले भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून टपालखाते पोहोचवते, आणि ही पद्धत १९१८ पासून चालू आहे.

गॅरेजच्या कोपऱ्यात आम्ही त्यांच्यासाठी उबेची पेटी केली. पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान ठेवायचे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यायचे, एवढे वाचून ठेवले होते. दुकानदाराने कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य बांधून दिले आणि बदकांनाही तेच चालते असे सांगितले. मी विश्वास ठेवला. आमच्या वाईकडच्या घरी आजी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवत असे आणि पिल्ले निघाली की डालग्याखाली कण्या टाकत असे, एवढीच माझी या विषयातील पूर्वतयारी होती.

नवव्या दिवशी सकाळी पाणी बदलताना पाच पिल्ले पायांशी धावत आली आणि सहावे आले नाही. ते पेटीच्या भिंतीला टेकून बसले होते. मी हात पुढे केल्यावर ते उठले, पण पायांवर नव्हे. पक्ष्याच्या पायाचा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरे तर घोटा असतो, आणि हे पिल्लू त्या घोट्यांवर बसून, पंखांच्या जागी असलेले दोन चिमुकले ठोंब वल्ह्यांसारखे हलवत पुढे सरकत होते. उचलून पाहिले तर दोन्ही घोटे सुजलेले, डावा पाय आतल्या बाजूला वाकलेला, आणि बोटांमधील पातळ पडदा सुकत चाललेल्या पानासारखा मिटलेला. डोळे मात्र स्वच्छ होते. तळहातावर त्याच्या काळजाची धडधड इतक्या वेगाने जाणवत होती की ठोके वेगळे काढता येत नव्हते.

सर्वांत जवळच्या पशुचिकित्सालयाने, आम्ही फक्त कुत्री-मांजरे पाहतो, असे सांगून फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी तपासणीचे शुल्क सांगताना तेथील बाईंनी, पिल्लाची किंमत किती होती, असे हळुवारपणे विचारले. त्यांच्या विचारण्यात दुष्टपणा नव्हता. ज्यांच्या घरी शेकड्यांनी पक्षी असतात त्यांनी एका पिल्लामागे दिवस घालवावा अशी अपेक्षा मी करणार नाही. पण आमच्याकडे सहाच होती, आणि ती माझ्या भरवशावर आलेली होती. शेवटी पाऊण तासाच्या अंतरावर पक्षी पाहणाऱ्या एक डॉक्टर मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न आजाराविषयी विचारला नाही. या बदकाची अंडी तुम्ही पुढे खाणार आहात का, असे त्यांनी विचारले. अमेरिकेत बदक कायद्याने खाद्यप्राणी ठरते, त्यामुळे घरी लाडाने पाळलेल्या बदकालाही काही औषधे देण्यास मनाई आहे, आणि जी देता येतात त्यांच्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत हे ठरवून द्यावे लागते. पूर्वी खाद्याच्या दुकानांत जनावरांची प्रतिजैविके कोणालाही विकत मिळत. जून २०२३ पासून त्यांनाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हा बदल मला योग्य वाटतो, कारण माझ्या हाती त्या दिवशी तसली पुडी सापडली असती तर घाबरून मी ती नक्की पाण्यात कालवली असती, आणि ती सर्वस्वी चुकीची ठरली असती.

कारण आजार जंतूंचा नव्हता. डॉक्टरांनी घोटे चाचपले, चोच उघडून पाहिली, आणि मग विचारले, "खायला काय देता?" मी खाद्याच्या पिशवीचा फोटो दाखवला आणि उत्तर तेथेच मिळाले.

बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा पुष्कळ जास्त लागते. पोषणाच्या प्रमाणित तक्त्यांत मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या लहान पिल्लांसाठी किलोभर खाद्यात ३५ मिलिग्रॅम नायसिन सांगितले आहे, तर बदकाच्या पिल्लांसाठी ५५. प्रथिनांत असणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर स्वतःही थोडे नायसिन बनवते, पण बदकाच्या यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो घटक दुसऱ्याच वाटेला लावते, त्यामुळे त्याच्या पदरात फार थोडे पडते. त्यातच बदकाचे पिल्लू झपाट्याने वाढते. शरीराचा भार रोज वाढत असतो आणि पायांची हाडे व सांधे मागे पडतात. खाद्याचा मुख्य भाग मक्याचा असतो, आणि मक्यातील बहुतेक नायसिन अशा बांधलेल्या स्वरूपात असते की ते अंगी लागत नाही.

मक्याचे नाव निघाल्यावर डॉक्टर म्हणाल्या की माणसांतही हेच घडले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. तो संसर्गाने होत नसून अन्नाच्या उणिवेने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासूनच्या आपल्या कामातून दाखवले. १९३७ साली काॅनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधील तशाच रोगावर निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, हा उपाय शोधला. मी डॉक्टरबाईंना आमच्याकडची गोष्ट सांगितली. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या माणसांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्याचा कसून अभ्यास केला होता. आहारशास्त्र शिकताना परीक्षेसाठी पाठ केलेला तो धडा मला इथाकाजवळच्या दवाखान्यात, टॉवेलात गुंडाळलेले पिल्लू मांडीवर घेऊन बसले असताना आठवावा, याने मी आतून हलले. ज्या गोष्टीवर मी गुण मिळवले होते, तीच गोष्ट पेटीत डोळ्यांसमोर घडत असताना मला ओळखता आली नव्हती.

औषध साधे होते. पाण्यात घालायचे नायसिन डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मोजून दिले आणि जोडीला खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरायला सांगितले. बिअर तयार होताना उरणारे हे यीस्ट वाळवून मारलेले असते. पाव फुगवण्याचे जिवंत यीस्ट त्याऐवजी चालत नाही. कपभर खाद्याला सुमारे दीड टेबलचमचा, आणि तेही सहाही पिल्लांना, कारण खाद्य सर्वांचे एकच होते आणि बाकीची पाच केवळ अजून उभी होती. पूड कोरडी असली की तळाशी बसते, म्हणून मी खाद्य कोमट पाण्यात सरसरीत भिजवत असे.

खरे काम औषधाच्या पलीकडचे निघाले. पेटीत मी वर्तमानपत्र अंथरले होते. त्यावर दुबळा पाय घसरतो आणि आणखी फाकतो, म्हणून ते काढून खडबडीत रबरी जाळी घातली आणि वर टॉवेल पसरला. बदकाला घास गिळताना पाणी लागते, आणि नाकपुड्या धुता याव्यात एवढे ते खोलही लागते. आजारी पिल्लू भांड्यापर्यंत जाऊ शकत नव्हते, म्हणून दर दोन तासांनी त्याला दोन्ही बाजूंनी आधार देऊन पाण्यापाशी धरावे लागे. बाकीची पिल्ले त्याला तुडवत, म्हणून पहिल्या रात्री मी त्याला वेगळ्या खोक्यात ठेवले, आणि ते रात्रभर एकाच उंच स्वरात हाक मारत राहिले. खाणे त्याने टाकलेच. सकाळी आम्ही पेटीच्या मधोमध तारेची जाळी उभी केली. पलीकडची पाच पिल्ले जाळीला अंग घासून बसली, हे अलीकडून टेकले, आणि हाक थांबली. आजारी पिल्लाला एकटे ठेवू नये, हे मी त्या रात्री शिकले.

दिवसातून दोनदा तळघरातील कपडे धुण्याच्या मोठ्या सिंकमध्ये पाच-सात मिनिटे पोहणे असे. पाण्यात देहाचा भार पायांवर येत नाही आणि पाय आपोआप चालू लागतात. पहिल्या दिवशी डावा पाय नुसता मागे लोंबकळत होता. मी वितळवलेले मटारचे दाणे पाण्यात टाकत असे. मटारातही नायसिन असते आणि बदकांना तो अतिशय आवडतो. दाणा तळाशी जाऊ लागला की पिल्लू मान घालून त्याच्यामागे जाई, आणि त्या झटक्यात उजव्याबरोबर डावा पायही एकदा पाणी कापून जाई. त्या आठवड्यात मी रोज त्या डाव्या पायाचे फटके मोजून वहीत लिहून ठेवले. पाण्यातून काढल्यावर मात्र क्षणाचाही विलंब चालत नाही. आईच्या पोटाखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या लवेला तिच्या पिसांतील तेल लागते, यंत्रात उबवलेल्या पिल्लांना ते मिळत नाही, आणि ती भिजून गारठतात. हे सारे गॅरेजात आणि तळघरातच चाले, स्वयंपाकघरात मुळीच नाही. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून मुलीला प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला आणि पिल्लाचा पापा न घ्यायला सांगितले होते. पापा न घेणे तिला फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, आपली पिल्लं काय नुसत्या कण्यांवर जगली होती का? दिवसभर उकिरडा उकरायची ती. किडे, गांडुळं, कोवळं गवत, काय काय टिपायची. कण्या आपल्या संध्याकाळी खुराड्यात परत येण्यापुरत्या." मी आजीच्या हातातील कण्यांचे सूप तेवढे लक्षात ठेवले होते. पिल्लांचे पोट जेथे खरोखर भरत होते तो उकिरडा माझ्या आठवणीतून गळून गेला होता. चार भिंतींच्या पेटीत वाढणाऱ्या पिल्लाला पिशवीत असेल तेवढेच मिळते. त्याला आणखी काही हवे असेल, तर ते देणारे दुसरे कोणी तेथे नसते.

चौथ्या दिवशी सूज उतरू लागली. सहाव्या दिवशी पिल्लू जाळीला छाती टेकवून दोन्ही पायांवर उभे राहिले, पाच-सहा क्षण थरथरले आणि बसले. अकराव्या दिवशी मी मटारची वाटी घेऊन गॅरेजचे दार उघडले, तेव्हा ते जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लंगडत पण घोटे न टेकता, माझ्याबरोबर चालत आले. त्या दुपारी आम्ही जाळी काढली.

ब्रूअर्स यीस्ट मी पिल्ले दहा आठवड्यांची होईपर्यंत चालू ठेवले, आणि खाद्यही बदलून बदकांना चालणारे आणले. ते घेताना पिशवीवरील नायसिनचा आकडा आधी वाचला. आता सहाही अंगणात असतात, आणि पाऊस पडून गेला की मागच्या दारातील चिखलात त्यांच्या पावलांच्या रांगा उमटतात. त्यांतील एका रांगेत डावे पाऊल किंचित आत वळलेले असते.