पुढे सरकू नये अशी रांग

गेली सत्तावीस वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत खिडकीमागे बसते आहे, त्यामुळे रांग मला समोरून चांगली ओळखू येते. माणूस रांगेत शिरला की आधी पुढची डोकी मोजतो, मग शेजारच्या रांगेकडे पाहतो, मग घड्याळाकडे, आणि शेवटी काचेपलीकडच्या माझ्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू त्याची सकाळ मीच गिळून बसले आहे. डोंबिवलीत राहत असल्यामुळे रिक्षाची, तिकिटाची आणि पुलावर चढण्याची रांग मला आतूनही ठाऊक आहे. या सगळ्या रांगांबद्दल एक गोष्ट मी कधी तपासूनच पाहिली नव्हती: रांगेतल्या प्रत्येकाला ती पुढे सरकायला हवी असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरसाठी मी उभी राहिले, आणि हा समज पहिल्या दहा मिनिटांत गळून पडला.

मला तिथे उभे करण्याचे श्रेय माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याचे. ‘आत्या, तू नुसती रांगेत तर चल. बसायचं की नाही ते वर गेल्यावर ठरव,’ असे तो म्हणाला. हे वाक्य मी ओळखायला हवे होते, कारण कर्ज घ्यावे की नाही अशा विचारात पडलेल्या माणसाला आम्हीही हेच सांगतो: अर्ज तर भरून ठेवा, घ्यायचे की नाही ते नंतर पाहू.

रांगेच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी होती, आणि तिच्यापाशी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा टाचा उचलून उभा होता. तिथल्या मुलीने त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, टाचा जमिनीला टेकल्या आणि पट्टीवरची रेघ त्याच्या केसांच्या वर दोन बोटे दिसू लागली. मुलगा रडू लागला. बाप त्याला समजावत होता, ‘असू दे रे बाळा, पुढच्या वर्षी येऊ, आता मीही नाही जात तुझ्याशिवाय.’ हे म्हणताना त्या माणसाचा चेहरा इतका उजळला होता, की मुलाची उंची कमी भरल्याबद्दल तो त्या पट्टीला नमस्कार करील असे मला वाटले. मीही माझी उंची उगाचच मोजून पाहिली, परंतु तिथे काही आशा नव्हती.

ही उद्याननगरी २०१३ मध्ये सुरू झाली. नायट्रो बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची आहे, म्हणजे ज्या देशाची घड्याळे आणि बँका आपण डोळे मिटून विश्वासाने स्वीकारतो त्या देशाची. मी स्वतःला हे दोनदा सांगून पाहिले. नायट्रोची उंची सुमारे १३० फूट, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. वाटेत ती पाच वेळा माणसाला उलटे करते. शिवाय तिच्या गाडीला तळच नाही. आसन, खांद्यावरून खाली येणारा जाड पट्टा आणि त्याखाली हवेत लोंबकळणारे पाय, इतकाच सगळा कारभार. रांगेतून वर पाहिले की आधी ते पाय दिसतात. काहींचे ताठ असतात, काहींचे पोटाशी घेतलेले असतात, आणि एका बाईंचे तर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. चेहरे दिसेपर्यंत गाडी निघून जाते. किंकाळी मात्र मागे राहते आणि ती पुरती विरते न विरते तोच पुढची गाडी येते.

इथली रांग सरळ नसते. लोखंडी कठड्यांमधून ती घडी घातलेल्या नऊवारीसारखी पुढे-मागे फिरते, आणि त्यामुळे दर वळणावर तीच माणसे समोरून पुन्हा भेटतात. पहिल्या वळणावर आपण त्यांच्याकडे पाहतही नाही. दुसऱ्याला ओळखीचे अर्धे हसू येते, आणि चौथ्या वळणापर्यंत तर एकाच डब्यातून वर्षानुवर्षे प्रवास करणाऱ्यांसारखे नाते जुळते. माझ्या वाट्याला एक नवे जोडपे आले होते. मुलीच्या हातांत हिरवा चुडा होता आणि मंगळसूत्र तिने आधीच कुडत्याच्या आत सारून ठेवले होते. नवरा तिला धीर देत होता. दुसऱ्या वळणावर तो धीर देत होता, तिसऱ्या वळणावर गप्प होता, आणि चौथ्या वळणावर ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्यांच्या मागे कॉलेजच्या सहा-सात मुलांचा घोळका होता, त्यातला एक जण गाडी वरून गेली की आमच्या कानठळ्या बसतील असे ओरडत असे आणि ‘काहीच नाही रे यात’ असे जाहीर करीत असे.

परंतु मी थबकले ती आमच्या पुढच्या एका गृहस्थांमुळे. रांग सरकली की ते बाजूला होऊन मागच्यांना म्हणत, ‘व्हा ना तुम्ही पुढे.’ ‘आमचे लोक यायचेत,’ हे पहिल्यांदा कारण होते. नंतर त्यांनी कारण देणेही सोडले. ते नुसते कठड्याला चिकटत आणि हाताने वाट दाखवत. सत्तावीस वर्षांत बँकेच्या रांगेत अशी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि जी पाहिली त्यांपैकी बहुतेक जण संयुक्त खात्यातून एक नाव कमी करायला आलेले होते. त्यांच्या हातातल्या पिशवीत पासबुक आणि मृत्यूचा दाखला असतो, तीन टोकन उलटून गेलेले असतात, आणि तरी ते मागच्याला म्हणतात, तुम्ही व्हा पुढे. त्या कामाचा आणि या खेळाचा काही संबंध नाही, हे मला कळते. पण हाताने वाट दाखवण्याची ती तऱ्हा मात्र हुबेहूब तीच होती.

एका प्रशिक्षणात आम्हाला रांगेचे गणित शिकवले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. किती फोन येतील, किती तारा लागतील आणि किती जणांना ताटकळावे लागेल, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्या गणितात रांगेच्या टोकाला जे मिळते त्याला ‘सेवा’ म्हणतात. कंटाळून मधूनच रांग सोडणाऱ्याचीही त्यात पुढे सोय झाली आहे. मात्र सेवेलाच भिणारा, खिडकी जवळ आली म्हणून पाय मागे घेणारा आणि तरीही रांग न सोडणारा ग्राहक आम्हाला कुणी शिकवला नव्हता. असा ग्राहक त्या दिवशी माझ्या चपलांत उभा होता.

भाच्याने माझी समजूत घालायचे मनावर घेतले, आणि त्याची पद्धत म्हणजे माहिती देणे. गाडी चढावर असताना एक कर्कश टकटक ऐकू येत होती, आणि मला त्या आवाजानेच सर्वांत जास्त धडकी भरत होती. काहीतरी ढिले झाले आहे आणि ते कुणाच्या लक्षात आलेले नाही, असा तो आवाज होता. भाचा म्हणाला, ‘आत्या, तोच तर चांगला आवाज आहे.’ गाडीला वर ओढते ती साखळी. पण रुळांच्या मध्ये दात्यांची एक पट्टी असते आणि गाडीखालची लोखंडी जीभ त्या दात्यांवरून एकेक करून उडत पुढे जाते. साखळी तुटलीच तरी ती जीभ दात्यात अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. मोटारीचा हँडब्रेक ओढताना जी कर्रकर्र होते ती याच जातीची. ‘टकटक चालू आहे तोवर काही म्हणजे काही होत नाही,’ तो म्हणाला. मग रुळाचे ‘ब्लॉक’ नावाचे भाग कसे पाडलेले असतात आणि पुढच्या भागातली गाडी निघून गेल्याशिवाय मागची त्यात कशी शिरूच शकत नाही, तेही त्याने सांगितले. ब्लॉक म्हटल्यावर डोंबिवलीकराला रविवारचा मेगाब्लॉक तेवढा आठवतो, आणि त्या क्षणी तसा एखादा जाहीर झाला असता तर मी रेल्वेला प्रथमच दुवा दिला असता.

ही कल्पना मुळात रशियातली, हेही त्याच्याकडूनच कळले. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच घसरगुंड्या करीत आणि त्यांवरून घसरगाड्या सोडीत. ते वेड पुढे फ्रान्सला लागले, म्हणून फ्रेंच लोक रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत अशी, की रशियन लोक तिला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. या भीतीचे पालकत्व कुणालाच नको असावे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने पाच सेंटात बसायला मिळेल अशी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता. एका टोकाला माणसे उतरत, नोकर गाडी ढकलून दुसऱ्या रुळाच्या माथ्यावर नेत आणि माणसे पुन्हा बसून परत येत. आपल्या शब्दाला जागून ढकलगाडीच ती. मला ती फार आवडली. १८८४ मध्ये थांबायला काय हरकत होती, असे मी विचारले, पण तोवर रांग सरकली होती.

सुटकेची वाट होती. शेवटच्या जिन्याआधी कठड्यात एक छोटे फाटक होते आणि तिथून कुणालाही काही न बोलता परत जाता येत होते. घोळक्यातला तो ओरडणारा मुलगा तिथूनच गेला. त्याला फोन आला होता म्हणे. फोन सगळ्यांनी लॉकरमध्ये ठेवले होते, हे त्याच्या मित्रांनी लगेच मोठ्याने बोलून दाखवले. मीही फाटकापर्यंत हात नेला होता. तेवढ्यात समोरच्या ओळीतून हिरव्या चुड्याच्या मुलीने माझ्याकडे पाहून मान हलवली, ‘तुम्ही आहात ना काकू?’ अशा अर्थाने. पाच वळणांची ओळख होती, मोडवेना. रांगेला अशा घड्या घालणारा माणूस जागा वाचवण्यासाठी तसे करतो असे म्हणतात. मला काही ते खरे वाटत नाही.

फलाटावर आल्यावर कळले, की पुढच्या ओळीत बसायचे असेल तर वेगळी, आणखी लांब रांग आहे. भाच्याने बिचकत विचारले, ‘आत्या, पुढच्या ओळीसाठी थांबूया का? अजून वीस मिनिटं जातील.’ मी इतक्या तत्परतेने हो म्हटले, की त्याच्या नजरेत माझ्या धैर्याबद्दलचा आदर उभा राहिला. वीस मिनिटांसाठी मी पहिली ओळ पत्करली होती, हे त्याला अजूनही मी सांगितलेले नाही. ती वीस मिनिटे आजवर रांगेत घालवलेल्या सगळ्या वेळेपेक्षा भराभर गेली.

मग चपला काढल्या, चष्मा काढला आणि जग थोडे मवाळ झाले. चार जणांच्या ओळीत मी कडेला, शेजारी भाचा. पट्टा खांद्यांवरून खाली आला. तिथल्या मुलाने तो ओढून पाहिला आणि पुढे गेला. त्याने आणखी एकदा ओढून पाहावा असे मला फार वाटत होते. खालून धातूचा आवाज आला, फलाटाची जमीन आमच्या पायांखालून सरकून निघून गेली आणि माझी तळवेभर भीती उघडी पडली. याच रस्त्याने पुढे गेले की पालीचा बल्लाळेश्वर आहे. मी बसल्या जागेवरून, हात पट्ट्यात अडकलेले असल्यामुळे, नुसत्या मानेने नमस्कार केला.

गाडी चढाला लागली आणि टकटक सुरू झाली. मी ती नोटा मोजाव्यात तशी मोजू लागले, शंभरानंतर चुकले, पुन्हा सुरुवात केली. तासभर अखंड बोलणारा भाचा आता एक शब्द बोलत नव्हता, आणि त्याची बोटे माझ्या मनगटाभोवती कधी आली ते मला कळले नाही. खाली कठड्यांच्या घड्यांमध्ये माणसे इंचाइंचाने सरकत होती. समोर, चष्म्याशिवायही दिसेल इतकी मोठी, सह्याद्रीची डोंगररांग होती, आणि ती एकच रांग जागची हलत नव्हती. आमची ओळ माथ्यावर आली, पुढे वाकली, आणि मागच्या ओळी अजून चढत असल्यामुळे तशीच वाकून थांबली. पायांच्या मध्ये उतार दिसत होता. टकटक अजून चालू होती.

मग ती थांबली.