आपल्याच पक्षाच्या मागे लागताना

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश निघाला. आई तात्पुरत्या व्हिसावर, बाप ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला, अशा घरात १९ फेब्रुवारीनंतर बाळ जन्मलं तर त्याला अमेरिकन धरायचं नाही. माझा भाचा एच-वन-बीवर, त्याच्या बायकोला सहावा महिना. आमच्या न्यू जर्सीचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य वकील) मॅथ्यू प्लॅटकिन दुसऱ्याच दिवशी इतर राज्यांबरोबर कोर्टात गेले. पुढे कोर्टांनी आदेश थोपवला, तेव्हा घरात जरा हायसं वाटलं. माझी तगमग मात्र चालूच राहिली. वकील लढतायत, राज्य लढतंय. मग ज्यांना मी इतकी वर्षं मतं दिली, ते वॉशिंग्टनमधले डेमोक्रॅट करतायत काय? प्रतिनिधिगृह, सिनेट आणि राष्ट्राध्यक्षपद तिन्ही रिपब्लिकनांकडे, आमच्या हातात काय आहे, हेच सारखं ऐकू यायचं.

पुण्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुमच्याकडे विरोधी पक्षनेता कोण आहे?"

"तसं पदच नाही इथे."

"मग आमच्यासारखंच की!"

नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर महाराष्ट्राच्या विधानसभेत एकाही विरोधी पक्षाकडे २८८ च्या एक दशांश जागा नव्हत्या, त्यामुळे ती खुर्ची रिकामीच होती. दोघी हसलो. पण फरक बराच आहे. इथे सिनेटमध्ये चक शूमर आणि प्रतिनिधिगृहात हकीम जेफ्रीज हे अल्पमतातल्या पक्षाचे नेते आहेत, व्हिपही आहे. मात्र व्हिप मोडला म्हणून कोणाची जागा जात नाही. भारतात १९८५ पासून आहे तसा पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. म्हणून नेत्याला शिव्या घालून भागत नाही, एकेका सदस्याला वेगवेगळं धरावं लागतं. आणि त्या सदस्याला खरी भीती एकाच गोष्टीची असते: प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक. तिथे त्याच्यासमोर दुसरा डेमोक्रॅट उभा राहू शकतो.

फोन करायला लागले. आमच्या भागात काही जणींनी गट केला होता. त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने पहिल्याच दिवशी तंबी दिली: भाषण करायचं नाही. नाव, झिप कोड (इथला पिनकोड), कुठलं विधेयक, कसं मत हवं. अर्ध्या मिनिटात संपवायचं. फोन उचलणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलं असतात, ती नोंद करतात आणि दिवसाअखेर आकडा वर जातो. आपला संताप त्या आकड्यात एक म्हणून जातो, बस. झिप कोड सांगितला नाही तर तोही जात नाही. फेब्रुवारीत तर फोनच लागत नव्हते, व्हॉइसमेल भरलेले. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनीच सांगितलं होतं की एरवी सिनेटला मिनिटाला ४० फोन येतात तिथे १६०० येतायत.

४ मार्चला ट्रम्प यांचं संयुक्त सभागृहासमोर भाषण झालं. आमच्या सदस्यांनी काय केलं, तर गोल पाट्या उंचावल्या. एकटे टेक्सासचे अल ग्रीन उठून बोलले आणि त्यांना बाहेर काढलं. दोन दिवसांनी त्यांच्यावर ठपका ठेवायचा ठराव आला, त्यात १० डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या बाजूने गेले. मी त्या रात्री आमच्या गटावर जे लिहिलं ते इथे देत नाही.

पण खरा धडा १४ मार्चचा. सरकारचा पैसा संपत आला होता आणि रिपब्लिकनांचं खर्चाचं विधेयक सिनेटमध्ये होतं. तिथे चर्चा थांबवून विधेयक मतदानाला घ्यायलाच ६० मतं लागतात; त्या ठरावाला क्लोचर म्हणतात. रिपब्लिकन ५३. म्हणजे 'आमच्या हातात काही नाही' हे निदान त्या दिवशी तरी खोटं होतं. शूमर यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं की आपण अडवणार नाही. त्यांचं म्हणणं, सरकार बंद पडलं तर कोणती खाती चालू ठेवायची हे ट्रम्प आणि त्यांचे तेव्हाचे सल्लागार एलॉन मस्कच ठरवतील. हे अगदीच फोल नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. एक रिपब्लिकन विरोधात गेला, तरी क्लोचर ६२ विरुद्ध ३८ ने मंजूर झाला. आमच्या बाजूचे ९ डेमोक्रॅट आणि त्यांच्यासोबत बसणारे अपक्ष अँगस किंग, असे १० जण त्यांना मिळाले. आणि नंतर? मूळ विधेयकावर त्या दहांतल्या आठ जणांनी विरोधात मत टाकलं! घरी जाऊन सांगायला मोकळे: आम्ही तर नाहीच म्हणालो. तेव्हापासून आमच्या गटात फोनचं वाक्यच बदललं. 'विधेयकाला विरोध करा' म्हणायचं बंद. 'क्लोचरला नाही म्हणा' म्हणायचं. आमच्या राज्याचे दोघे सिनेटर, कोरी बुकर आणि अँडी किम, त्या दिवशी नाहीच म्हणाले होते. तरी फोन केला, आभाराचा. आभाराचीही नोंद होते आणि ती कमी येते म्हणून जास्त लक्षात राहत असावी, असा माझा अंदाज.

मग ३१ मार्चच्या संध्याकाळी बुकर उभे राहिले ते २५ तास ५ मिनिटं बोलले. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलले होते, तो विक्रम एका काळ्या सिनेटरने मोडला. मी ऑफिसात एका कानात लावून ऐकत होते, डोळे भरून आले. त्याने एकही विधेयक अडलं नाही, हेही खरं. आणि मे महिन्यात चार्ल्स कुशनर यांना फ्रान्सचे राजदूत नेमायला मत देणारे एकमेव डेमोक्रॅट कोण? बुकरच. कुशनर म्हणजे ट्रम्प यांचे व्याही, न्यू जर्सीतले बिल्डर, शिक्षा भोगलेले आणि २०२० मध्ये ट्रम्प यांनी माफी दिलेले. मर्कोव्स्की विरोधात आणि आमचे बुकर बाजूने! पुन्हा फोन. नाव, झिप कोड, कुशनर, नाराज. पलीकडच्या मुलीने निरोप पोहोचवते म्हणून सांगितलं. आपल्या माणसाचं कौतुक आणि कानउघाडणी एकाच नंबरवर करायची सवय लागली, ती तिथे.

फोनपेक्षा खोल कुठे शिरता येतं, हे किम यांच्या दाव्यामुळे कळलं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं काउंटीतला पक्ष ज्यांना पाठिंबा देई त्यांची नावं प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत यायची, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. म्हणजे प्रायमरीची भीती नावालाच. मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ती रांग थांबवली, पुढे कायदाही बदलला. पण पाठिंबा ठरवतं कोण? काउंटी कमिटी. प्रत्येक मतदान विभागातून त्यावर लोक जातात आणि कितीतरी जागांना उमेदवारच नसतो. आमच्या विभागातली एक जागा अशीच रिकामी होती. अर्ज केला, नेमणूक झाली.

बैठकीत विषय काय, तर अंगणातल्या पाट्यांचा खर्च आणि सहलीची तारीख. मी ठराव मांडला: क्लोचरला साथ देणाऱ्या डेमोक्रॅट सिनेटरांचा ही कमिटी निषेध करते. अध्यक्ष म्हणाले, आपल्याच माणसांना चारचौघांत कशाला बोलायचं? महाराष्ट्र मंडळाच्या सर्वसाधारण सभांना बसून बसून मुरलेली मी, असली वाक्यं मला नवी नाहीत. ठराव एकदा तहकूब झाला. पुढच्या वेळी 'निषेध' गेला, 'तीव्र अपेक्षा' आली, आणि मंजूर झाला. घेतलं पदरात.

ऑक्टोबरच्या १ तारखेला आमचा पक्ष खर्चाच्या विधेयकावर अडला. ओबामाकेअरच्या विम्याचं वाढीव अनुदान चालू ठेवा, मगच मतं. सरकार ४३ दिवस बंद राहिलं. मधेच ४ नोव्हेंबरला मिकी शेरील आमच्या राज्याच्या गव्हर्नर म्हणून मोठ्या फरकाने निवडून आल्या. वाटलं, आता तरी टिकतील. ९ तारखेला आठ जण फुटले. पुन्हा क्लोचर, पुन्हा एक रिपब्लिकन विरोधात, तरी मतं बरोबर ६०. शूमर या वेळी विरोधात होते, बुकर आणि किमही. मी त्या आठांची यादी काढून बसले: २०२६ मध्ये मतदारांपुढे जाणारा त्यांत एकही नाही. दोघे निवृत्त होणार, बाकीच्यांची निवडणूक २०२८ किंवा २०३० मध्ये.

बुकर यांची जागा मात्र २०२६ मध्येच आहे आणि जूनमध्ये प्रायमरी. आमच्या कमिटीने सगळ्या उमेदवारांना लेखी प्रश्न पाठवायचं ठरवलंय. मसुदा माझ्याकडे आहे. पहिला प्रश्न क्लोचरचा, आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं. अध्यक्षांना ते जरा कडक वाटतंय.